उंबऱ्याबाहेरचा बूट

फुगडीला काय लागतं? दोन हात, दोन पाय आणि समोर आपल्यासारखीच एक वेडी. वेडी माझ्याकडे कायम तयार होती, माझ्या मोठमायची मुलगी, माझ्याच वयाची. हातापायांचा मात्र कधी मेळ बसला नाही. पाय होते तेव्हा हात नव्हता, आणि हात आला तेव्हा पाय रुसला. आता या वयात कोण फुगडी घालतंय म्हणा. पण श्रावणात कुठून वाजंत्री ऐकू आली की अजून माझे दोन्ही हात आपोआप पुढे होतात.

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आमच्या भाऊबंदकीची पुढारी. आम्ही सगळे धुळ्याकडचे, पोटासाठी सुरतेला आलेले, लिंबायतमध्ये दोन-तीन गल्ल्यांत विखुरलेले. माझे वडील, बापू, सांच्यांवर कामाला होते, म्हणजे यंत्रमागांवर. त्या खडखडाटात उभं राहून त्यांचा आवाज असा चढला होता की त्यांनी जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण डबा घेऊन यायची. माय घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती, असा सगळा कारभार.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच देवी मानायचं, तिला डोळे, नथ, दागिने घालायचे, रविवारी बसवायची आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीला न्यायची. तापी गावाकडेही तीच आणि सुरतेतही तीच, म्हणून आमच्या बायांना इथं परकं वाटायचं नाही. मिरवणुकीत बायाबापड्या, पोरीसोरी फुगड्या घालत जातात. ती फुगडी मला हवी होती. बाकी काहीही नसतं मिळालं तरी चाललं असतं.

सात-आठ वर्षांची असताना मी जिन्यावरून पडले. दंड सुजला, ताप चढला, आणि 'मुका मार आहे, हळद लावा' म्हणता म्हणता आत हाडात पू झाला. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा दंडाच्या हाडाचा मधला भाग सडला होता. तो काढून टाकला. मग माझा उजवा दंड मधेच वाकायला लागला, जणू कोपराच्या वर आणखी एक कोपर. शाळेतली पोरं गंमत म्हणून बघायला यायची. मी डाव्या हाताने त्यांना फटके द्यायचे.

डॉक्टर म्हणाले, पायातून हाड काढून हातात बसवू. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, एक नडगीचं, जाड, भार उचलणारं, आणि बाहेरच्या बाजूला एक बारीक. त्या बारीक हाडाचा मधला भाग काढला तरी माणूस चालतो. मोठमायने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "दुखणं हाताचं आणि कापाकापी पायाची! रोग रेड्याला अन् औषध पखालीला!" मायने रात्रंदिवस माझा तो लोंबता हात उशीवर सांभाळला होता. कुणी तिला सांगितलं असतं की तुझं हाड काढून बसवू, तर ती तिथेच आडवी झाली असती. विचारलंही तिने तसं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, मुलीचंच बरं.

हात मस्त जुळला. खरंच सांगते, आज त्या हाताने मी कणिक मळते, पाण्याची कळशी उचलते, रागावले तर टेबलावर आपटते. पायाने मात्र सुरुवातीपासूनच कुरकूर केली. आधी काही महिने पाऊल वर उचलेना, पुढचा भाग जमिनीवर घासायचा. मग ते सुधारलं, अंगठा तेवढा आत मुडपलेला राहिला. "एवढ्यानं काय होतं?" असं माय म्हणायची. गल्लीत सगळेच म्हणायचे. हात परत मिळाला होता, अंगठ्यासाठी कोण रडतंय!

ते सुरतेत प्लेग आला त्याच्या थोडं आधीचं. प्लेगच्या साली आम्ही गावी पळालो, सगळी गल्लीच पळाली. परत आल्यावर माय स्वच्छतेच्या बाबतीत पार बदलून गेली. तशी ती मुळातच टापटिपीची, पण आता तिच्या डोक्यात एकच बसलं, रोग चपलेला चिकटून घरात येतो. चपला पायरीच्या खाली. उंबऱ्यावर पाण्याची बादली. पाय धुतल्याशिवाय आत पाऊल नाही, मग ते बापू असोत, पाहुणा असो की हप्ता मागायला आलेला शेठचा माणूस. बापू पाळी संपवून दमून यायचे आणि एका पायावर उभे राहून दुसरा धुताना मोठ्याने देवाचं नाव घ्यायचे. ते भक्तीने नसायचं.

आणि त्याच सुमाराला माझी डावी चप्पल आतल्या बाजूने झिजायला लागली. नवी आणली, तीही तशीच झिजली. मग मायच्या लक्षात आलं की मी उभी राहिले की डावी टाच बाहेर पडते आणि आतला घोटा खाली झुकतो. खेळून आले की ठणका लागायचा. पुन्हा दवाखाना, पुन्हा फोटो. डॉक्टरांनी बापूंना हाताची बोटं चिमट्यासारखी करून दाखवलं. घोट्याला दोन बाजूंनी दोन हाडं धरून असतात. बाहेरचं हाड मधून काढल्यावर त्याचा खालचा तुकडा सुटा राहिला आणि हळूहळू वर सरकला. चिमट्याची एक बाजू आखूड झाली, म्हणून घोटा तिकडे कलंडला. मोठ्या माणसाचं असं सहसा होत नाही, म्हणाले, पण लेकराचं हाड वाढत असतं आणि वाढतं ते वाकडं वाढतं. नशीब असेल तर काढलेलं हाड लहान मुलांत पुन्हा भरतं. माझं भरलं नव्हतं.

उपाय म्हणजे बूट. काळा, चामड्याचा, आतल्या बाजूने टाच उंच केलेला. बाहेरून गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्टी आणि आतून घोट्याला ओढून धरणारा पट्टा. वाढ संपेपर्यंत घालायचा. घोटा यात धरून राहिला तर ठीक, नाहीतर पुढे नडगी कापून सरळ करावी लागेल. मी डॉक्टरांना एकच विचारलं, फुगडी? ते गुजराती होते, त्यांना फुगडी कळेना. बापूंनी तिथेच, दवाखान्यात, हात पुढे करून अर्धी गिरकी घेऊन दाखवली. डॉक्टर म्हणाले, "पहेलां सीधो थवा दो, पछी." आधी सरळ होऊ दे, मग. मी ते 'मग' घट्ट धरून ठेवलं.

बूट मी इमानेइतबारे घातला. शाळेत घातला, नळावर घातला, दुकानात घातला. पोरी 'लोखंडी आली' म्हणायच्या, तरी घातला. आणि घरी आले की पायरीखाली सगळ्यांच्या चपलांशेजारी काढून ठेवला, पाय धुतले आणि आत गेले. यात कुणाला काही चुकीचं वाटलं नाही. मला नाही, मायला नाही, बापूंना तर नाहीच. घरात पायताण घालून हिंडणारं माणूस आमच्यापैकी कुणी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. डॉक्टर दर वेळी बापूंना विचारायचे, "आखो दिवस पहेरे छे ने?" दिवसभर घालते ना? बापू छातीवर हात ठेवून सांगायचे, "आखो दिवस, साहेब!" त्यांच्या लेखी ते शंभर टक्के खरं होतं.

पण लिंबायतमधल्या दहा वर्षांच्या पोरीचा दिवस जातो कुठे? घरात. शाळेतून आले की मायच्या शेजारी बसून टिकल्या लावायच्या, भांडी घासायची, धाकट्या भावाला सांभाळायचं, आणि हे सगळं अनवाणी, त्या कलंडलेल्या घोट्यावर. मांडी घालून, उकिडवं बसून, उठून, पुन्हा बसून.

पुढच्या वेळी बापूंची दिवसपाळी होती म्हणून माय मला घेऊन गेली. डॉक्टरांनी नवा फोटो जुन्याशेजारी लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. कल वाढला होता. बूट असून वाढला कसा, ते त्यांना कळेना. त्यांनी पट्टा तपासला, टाच तपासली, मग हिंदीत विचारलं, घरातसुद्धा घालते ना?

मायला तो प्रश्नच अपमानाचा वाटला. ती खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "घर में कायको घालेगी साहेब? हमारे घर में चप्पल नहीं चलती. हम लोग एकदम साफ रहते हैं."

किती अभिमानाने म्हणाली ती! अजून तो आवाज माझ्या कानात आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला शांतपणे सगळं समजावलं. घरातच जास्त लागतो, बाई. पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी घालायचा, झोपतानाच काढायचा. परत येताना रिक्षात तिने माझं डावं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं होतं आणि बूट तसाच घातलेला होता, तिच्या लुगड्यावर, रस्त्याच्या सगळ्या घाणीसकट. मी म्हणाले, "माय, लुगडं खराब होईल." तिने पाऊल आणखी जवळ ओढून घेतलं.

त्या संध्याकाळपासून बूट घरात आला. मायने मला उंबऱ्यावर बसवून ओल्या फडक्याने तळ पुसला आणि म्हणाली, "चल आत." मला पाऊल टाकवेना. देव्हाऱ्याकडे बघून मी रडायलाच लागले. अख्ख्या घरात मी एकटी पायताण घालून, आणि बाकी सगळे अनवाणी; मला वाटलं, मी या घरची उरलेच नाही. माय तडक बाजारात गेली आणि रबरी स्लिपरांचे जोड घेऊन आली, सगळ्यांना एकेक. स्वतः पायात अडकवले आणि चुलीपाशी भाकरी थापायला बसली. बापूंना तर घाम फुटला. ते बिचारे काट्यांवरून चालल्यासारखे चालायचे आणि चुलीजवळ आले की गुपचूप काढायचे, मग मायने नुसतं बघितलं की पुन्हा घालायचे. गल्लीत बोंब झाली. 'मडमीण झाली', 'प्लेगात डोकं गेलं', काय वाटेल ते बायका बोलल्या. माय टिकल्या चिकटवत राहिली.

आणि नेमकी त्या वर्षी कानबाई आमच्या घरी बसायची होती. आमच्या भाऊबंदकीत ती फिरती असायची, एकेका वर्षी एकेका घरी, आणि आमची पाळी पहिल्यांदाच आली होती. माय वर्षभर तिचीच वाट बघत होती. भिंतींना रंग झाला होता, गहू निवडून ठेवले होते, मी मोठमायच्या मुलीला सांगून ठेवलं होतं की फुगडीत तू वेड्यासारखी ओढू नकोस, मी हळूहळू घालीन. डॉक्टरांचं 'मग' अजून आलं नव्हतं, पण एक गिरकी, फक्त एक, बूट काढून, आपल्याच ओट्यावर, कानबाईसमोर. एवढं तर देव चालवून घेईल, असा माझा हिशेब होता.

मोठमाय येऊन बसली. चहा घेतला. मग म्हणाली, "कानबाईच्या घरात चामडं फिरत नाही, तुला मी काय सांगू. तिचा स्वयंपाक सोवळ्याचा. दोन-तीन दिवसांचं तर काम. तेवढे दिवस पोरीचा बूट काढून बाहेर ठेव. एवढ्यानं काय होतं?"

खरं सांगायचं तर काहीही झालं नसतं. दोन-तीन दिवसांनी माझा घोटा ना वाकडा झाला असता ना सरळ. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनीही हो म्हटलं असतं. मी तर ऐकताक्षणी पट्टा सोडायला वाकले सुद्धा. इतकी मी आतुर होते! मायने माझा हात धरला.

"नई बाई," ती मोठमायला म्हणाली. "'एवढ्यानं काय व्हस' म्हणतच मी वरीसभर बसनू."

"मग कानबाई?"

"तुमच्या घरी बसवा."

मी ओरडले. पाय आपटले, लोखंडाचा आवाज करत आपटले. म्हणाले, माझा पाय आहे, मला नको सरळ, मला कानबाई पाहिजे, तू कोण नाही म्हणणारी! बापूंनीही त्यांच्या त्या आवाजात समजूत काढून पाहिली, शेजारपाजाऱ्यांसकट सगळ्यांना ऐकू गेलं. माय हलली नाही. निवडलेल्या गव्हाचा डबा तिने स्वतः डोक्यावर घेऊन मोठमायच्या घरी पोचवला. परत आली तेव्हा डोळे लाल होते. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही, तिच्या हातचं जेवलेही नाही. आता ते जेवण मिळावं म्हणून काय काय द्यायला तयार आहे मी, पण मागायचं कुणाकडे.

पायाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. बुटाने कल थांबवला, मिटवला नाही. वाढ संपल्यावर घोट्याच्या वर नडगी कापून सरळ बसवली, सहा आठवडे प्लास्टर. आता बघणाऱ्याला कळत नाही. पण फार वेळ उभी राहिले की ठणकतो, खडबडीत जमिनीवर मुरगळतो, आणि घरात-बाहेर आधाराचा बूट अजून घालावाच लागतो. डॉक्टरांनी 'मग' म्हटलेली फुगडी आली नाही. गिरकी घेताना सगळा भार घोट्यावरच येतो, ते आता मलाच कळतं.

तर त्या वर्षीची कानबाई. रविवारी ती मोठमायच्या घरी बसली. बापू गेले. मला बुटासकट तिथे जाता येत नव्हतं आणि माझ्यावाचून माय गेली नाही. सोमवारी सकाळी वाजंत्री आमच्या गल्लीत शिरली. पुढे फुगड्या, मागे बायांचा घोळका, आणि मधे डोक्यावर कानबाई घेतलेली मोठमाय, अनवाणी. ज्या घरासमोरून देवी जाते त्या घरच्या बाईने बाहेर येऊन, ती डोक्यावर घेतलेल्या बाईच्या पायावर पाणी घालायचं असतं. घोळका आमच्या दारी थांबला.

माय तांब्या घेऊन बाहेर आली. उंबऱ्यावर तिने स्लिपर काढले, खाली उतरली, मोठमायच्या पायांवर पाणी घातलं, डोकं टेकवलं. मी ओट्यावर उभी होते. समोर मोठमायची मुलगी कुणाशीतरी फुगडी घालत होती आणि मधेच माझ्याकडे बघत होती. सगळ्या बाया माझ्या बुटाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता तरी. मी खाली बसले आणि पट्ट्याला हात घातला.

मायची पाठ माझ्याकडे होती. तिला कसं कळलं कोण जाणे. वळलीसुद्धा नाही.

"तू नको काढू," ती म्हणाली.

"माय, देव आहे."

"देवाचं मी बघते. तू तशीच ये."

वाजंत्री थांबली होती. मी ओट्यावरून उतरले, खण खण खण, त्या चामड्याच्या बुटाने, सगळ्या भाऊबंदकीसमोर. मोठमाय डोक्यावर कानबाई घेऊन हलली नाही, वाट बघत उभी राहिली. मी तिच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं. मग कुणीतरी ढोल वाजवला आणि सगळ्या तापीकडे निघाल्या. लग्न झाल्यापासून दर वर्षी माय नदीपर्यंत जायची. त्या वर्षी गेली नाही, कारण त्या बुटात मला तेवढं चालवलं नसतं.

माय गेली तेव्हा तिला त्याच ओट्यावर ठेवलं होतं. शेवटचं पाया पडायला जो तो येत होता, चपला पायरीखाली काढून. माझी वेळ आली. मी पट्टा सोडायला वाकले आणि कान देऊन तशीच थांबले. मागच्या बायांना वाटलं, मला रडू आवरेना. कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणालं, "काढ बाई, काढ, लोक खोळंबलेत." मग मी बूट काढला.